वत्सलाताईंची बक्षिसी

मीरा, ईशान,

गेल्या डिसेंबरात तुम्ही सांगलीला आलात आणि आपण बाहेर जेवायला गेलो, तेव्हा तुम्ही दोघांनी फोनवर टक्केवारी काढून टेबलावर टिपेचे घसघशीत पैसे ठेवलेत. आपण रिक्षात बसतोय तोवर तो वाढणारा धावत आला आणि "दादा, पैसं इसरलासा" म्हणत सगळे परत देऊन गेला. ईशानचा चेहरा असा पडला होता, जणू भर चौकात कुणी त्याची देणगी नाकारली. घरी येईपर्यंत तो मला एकच विचारत होता, "आजी, मग नियम काय आहे? द्यायचे किती, आणि कुणाला?"

बाळा, याबाबत आपल्याकडे नियम नाही. कुणी उरलेले सुट्टे बडीशेपेच्या बशीत सोडतं. कुणी त्याच बशीतून बडीशेप, खडीसाखर आणि आधीच्या गिऱ्हाइकाचं नाणं असं सगळं एका चिमटीत उचलतं. कुणी "ठेव तुला!" असं म्हणतं की औदार्य पार हात धुण्याच्या बेसिनपर्यंत पोचावं. आणि फोनवरून पैसे द्यायची सोय झाल्यापासून "अरेरे, सुट्टे नाहीत की रे" हे वाक्य लोक इतक्या खऱ्या दुःखानं म्हणतात की वाढणाऱ्यालाच त्यांचं सांत्वन करावंसं वाटतं.

या विषयात नियम असलेली एकच व्यक्ती मला भेटली. त्या म्हणजे वत्सलाताई. त्या आता नाहीत, म्हणून हे निर्धास्तपणे लिहिते आहे. असत्या तर हा मजकूर माझ्या आधी त्यांनीच वाचला असता आणि प्रत्येक विशेषणाला पुरावा मागितला असता.

साताऱ्याला मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे आणि त्या नागरिकशास्त्र. विषय तसा इतिहासाच्या शेपटाला बांधलेला, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी उरकायचा. पण ताई तो असा शिकवायच्या की देशाचा कारभार त्यांच्या तासिकेवरच चालला आहे आणि त्या आजारी पडल्या तर संसद बंद ठेवावी लागेल. उंच, ताठ, खळीची सुती साडी, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायची सवय. आपल्या कपाळावर काही लागलंय की काय, असं वाटून माणूस निम्मं भांडण तिथंच हरायचा.

त्यांचं तत्त्व साधं होतं. जो दिसतो त्याचं कौतुक सगळेच करतात, न दिसणाऱ्याचं कोण करणार? तत्त्व ऐकायला फार सुंदर. अडचण यायची ती ताई ते अमलात आणायच्या तेव्हा.

एका वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस समारंभ चालू होता. प्रमुख पाहुणे म्हणून कुणी पुढारी आले होते आणि बराच वेळ बोलत होते. ताई सूत्रसंचालन करत होत्या. त्यांनी पाहुण्यांना थांबवलं आणि माईकवर जाहीर केलं, "नाचणाऱ्यांचं कौतुक झालं, गाणाऱ्यांचं झालं. पण पडदा ओढणाऱ्या मुलीकडे कुणाचं लक्ष गेलं का? तिनं पुढे यावं." ती बिचारी आठवीतली मुलगी आनंदानं दोर सोडून धावत पुढे आली. दोर सुटल्यावर पडद्यानं जे करायचं ते केलं. तो वरच्या बांबूसकट पाहुण्यांच्या फेट्यावर उतरला. सभागृहात त्या दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या झाल्या. ताई नंतर शिक्षकांच्या खोलीत मला म्हणाल्या, "पाहिलंस? तिच्या कामाचं महत्त्व आता सगळ्यांना कळलं."

अशा माणसाला स्वतःच्या चुकीतून शिकवणं अवघड असतं, कारण त्याला आपली चूक दिसते ती नेहमी दुसऱ्यांसाठीची शिकवण म्हणूनच.

निवृत्तीनंतर त्या सांगलीला आल्या आणि नेमका आमच्याच इमारतीत फ्लॅट घेतला. तुमचे आजोबा म्हणाले होते, "चला, तुला सोबत झाली." ते स्वतः मात्र त्या घरात आल्या की लगेच फिरायला निघायचे. आमचा आठ-दहा बायकांचा गट होता, दर रविवारी दुपारी कुठेतरी बाहेर जेवायचो. ताई त्यात आल्या आणि आमच्या जेवणाला राज्यघटना मिळाली.

हॉटेलात त्या स्वयंपाकघराचं दार दिसेल अशा खुर्चीवर बसत. वाढणारा आला की पदार्थांच्या आधी विचारत, "भाकरी कोण करतं?" तो गोंधळून म्हणे, "आत हायत की बाई, का वो? काय झालं?" "काही झालेलं नाही. झालं की मी सांगेन." मग जेवण संपलं की त्या उठत, पदर खोचत आणि "आत येऊ नये" असं लिहिलेल्या दारातून सरळ आत जात. टीप त्या फक्त चुलीपाशी देत. समोर वाढणाऱ्याला एक पैसा नाही.

"ताई, तिथं पाटी आहे," मी एकदा म्हटलं.

"ती गिऱ्हाइकांसाठी आहे."

"मग आपण कोण?"

"मी नागरिक आहे."

वाढणाऱ्यांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं आणि ते त्यांच्या देखतच सांगायची पद्धतही. "वाढणं हे काम नव्हे. ती वाहतूक आहे. चव करणारी बाई आत धुरात बसते आणि इथून तिथं ताट आणणारा हात पुढे करतो. रेल्वेनं आंबे आणले म्हणून आपण इंजिनाला बक्षिसी देतो का?"

आम्ही बायका ताटाकडे बघत राहायचो. ताट आणणारा तिथंच उभा असायचा.

पुण्याला एका लग्नाला जाताना आम्ही शिरवळला हायवेवरच्या एका धाब्यावर थांबलो होतो, ती गोष्ट तुमच्या आईनं तुम्हाला अर्धवट सांगितली आहे. पूर्ण अशी. ताई नेहमीप्रमाणे आत गेल्या. खळीची साडी, चष्मा, कपाळाकडे रोखलेली नजर, आणि पहिला प्रश्न, "पीठ कोण मळतं इथं?" मालकाची खात्रीच पटली की अन्न खात्याच्या साहेबीण आल्या. पुढच्या दोन मिनिटांत त्या स्वयंपाकघरानं जेवढी प्रगती केली तेवढी त्याच्या जन्मापासून केली नसेल. आचाऱ्याच्या डोक्यावर टोपी आली. उघडी पातेली झाकली गेली. एक मांजर मागच्या दारानं बाहेर काढलं गेलं आणि ते कधीच आपलं नव्हतं असं तिघांनी शपथेवर सांगितलं.

ताईंना हे आदरातिथ्य वाटलं. त्यांनी पर्समधून नोट काढून आचाऱ्यापुढे धरली. तो दोन पावलं मागे सरला. "न्हाई न्हाई बाई! आमी पैसं घेत न्हाई. सगळं रीतसर हाय इथं."

"अरे, घे. तुझ्या हाताला चव आहे."

"बाई, पाया पडतो, परीक्षा बघू नगासा. घरी लेकरंबाळं हायती."

आम्ही बाहेर बिलाची वाट बघत होतो. बिल आलंच नाही. आला तो मालक, दोन्ही हातांत कंदी पेढ्यांचा पुडा धरून. "मॅडम, ही आमची छोटी आठवण. आन् ते मांजराचं तेवढं मनावर घेऊ नका."

ताईंनी पेढे परत केले, बिल मागून भरलं आणि नागरिकांचे हक्क या विषयावर त्याला असं काही सुनावलं की तो शेवटी म्हणाला, "किती द्यायचं ते एकदाचं सांगा, मॅडम." गिऱ्हाइकालाच टीप द्यायला निघालेला हॉटेलमालक मी आयुष्यात एकदाच पाहिला.

पण हे सगळं प्रवासातलं. एकदा थांबलो, निघालो, मागे काय झालं ते मागच्यांना ठाऊक. खरी पंचाईत झाली ती सांगलीतच, बापूसाहेबांच्या हॉटेलात.

बापूसाहेब म्हणजे गल्ल्यावर बसणारा, कपाळावर गंध लावलेला शांत माणूस. त्यांच्याकडे अख्खा मसूर आणि शाळूची भाकरी मिळायची. भाकरी करायच्या हसीनाबी. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, आत बसून अख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल असं बोलणाऱ्या. वाढणाऱ्यांमध्ये जुना होता सदाशिव. काटकुळा, चेहऱ्यावर कायम वैताग, पण एका हातावर ताटं तोलत गर्दीतून असा निघायचा की माणसं आपोआप बाजूला व्हायची. ताईंना भाकरी आवडली. म्हणजे हसीनाबीचं भाग्य उघडलं, असं आम्हाला वाटलं.

दर रविवारी ताई आत जात आणि हसीनाबींच्या हातात पैसे ठेवत. बदल्यात आमच्या टेबलावर भाकऱ्या टम्म फुगलेल्या यायला लागल्या. सदाशिवनं मात्र आपला शिष्टाचार दाखवला. तो आमच्याशी अतिशय नम्रपणे वागू लागला, फक्त सगळ्यात शेवटी. आम्ही मागून आलेल्यांना ढेकर देताना बघायचो. कांदा मागितला तर "आलाच बाई" म्हणायचा आणि तो कांदा बहुधा अजून शेतात असायचा.

ताईंना हा तत्त्वाचा विजय वाटला. त्यांनी फोनवरच्या आमच्या गटात आणि मग साऱ्या सोसायटीच्या गटात संदेश पाठवला, की बक्षिसी नेहमी स्वयंपाकघरात जाऊन द्यावी. लोकांना सकाळी नमस्कार पाठवून कंटाळा आला होता, त्यांना हे नवीन काम मिळालं. दोन-चार कुटुंबं खरंच आत जाऊन हसीनाबीबरोबर फोटो काढून आली. पैसे सगळ्यांनी दिले असं नाही. फोटो सगळ्यांनी काढले.

मग ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काही आठवडे आमचं जाणं बंद पडलं. सोसायटीचा उत्साहही त्या आधीच संपला होता. पुन्हा गेलो त्या रविवारी हॉटेल गच्च भरलेलं होतं. आम्ही बसलो आणि आतून हसीनाबी बाहेर आल्या. कोपरापर्यंत पीठ. मी त्यांना त्या दाराच्या अलीकडे प्रथमच पाहत होते.

"आवं बाई," त्या ताईंसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "तुमचं लय उपकार. पर आता आत येऊ नगासा."

"का? कुणी काही बोललं?"

"बोलतंय कोन? डब्यातनं काढलं मला."

तेव्हा आम्हाला कळलं की गल्ल्याशेजारी एक पत्र्याचा डबा असतो. वाढणारे मिळालेली सगळी टीप त्यात टाकतात आणि शनिवारी दुपारी, हॉटेलाचं शटर अर्धं ओढून, आतबाहेरचे सगळे ती वाटून घेतात. आचारी, भांडी घासणारी, भाकरीवाली, सगळे. म्हणजे ज्या न दिसणाऱ्यांसाठी ताई आत जात होत्या, त्यांची सोय त्या हॉटेलानं ताईंच्या कितीतरी आधी करून ठेवली होती. ताईंनी डब्याला वळसा घातला. वाढणाऱ्यांनी म्हटलं, हसीनाबीला आतल्या आत मिळतंय, तिला डब्यातलं कशाला?

"तुमी यायचं बंद झालासा, त्ये फोटूवालं बी बंद झालं," हसीनाबी म्हणाल्या. "हिकडचं न्हाई, तिकडचं न्हाई. पोरगी मिरजंला नर्सिंग शिकती माझी. तिचा येष्टीचा पास त्या डब्यावर निघायचा. आता रिक्षावाल्याच्या हातापाया पडून जाती."

ताई उभ्या राहिल्या. त्यांचा तास सुरू झाला. "सदाशिव! इकडे ये. हिला काढायचा अधिकार तुला कुणी दिला? हा नियम कुठे लिहिलाय?"

"लिवायचं काय त्यात? डबा हाय त्यो."

"हा सरळ सरळ अन्याय आहे."

सदाशिवनं हातातली ताटं समोरच्या टेबलावर ठेवली, खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसले. "बाई, तुमीच म्हनत हुता न्हवं, आमी नुस्ती वाहतूक? मग वाहतुकीचा डबा वाहतूकवाल्यांचा. चुलीचं चुलीनं बघावं. तुमचाच कायदा हाय, आमी नुस्ता चालू केला."

शेजारच्या टेबलांवरचे लोक घास थांबवून ऐकायला लागले. ताईंनी कपाळाकडे बघून पाहिलं. सदाशिवच्या कपाळावर घामाशिवाय काही नव्हतं आणि तो घाबरला नाही.

त्यांनी बापूसाहेबांकडे मोर्चा वळवला. बापूसाहेब म्हणाले, "बाई, मी त्या डब्यात पडत न्हाई. माझा गल्ला येगळा, त्यांचा डबा येगळा." अशी स्वच्छ अलिप्तता आमच्या मुख्याध्यापकांनाही कधी जमली नव्हती.

मग ताई जे बोलल्या ते दुसरं कुणी बोललं नसतं. "ठीक. वाहतूक अवघड आहे असं तुझं म्हणणं ना? मी एका टेबलाचं जेवण वाढून दाखवते. न चुकता वाढलं तर हसीनाबी पुन्हा डब्यात."

"आन् चुकलासा तर?"

"तर तू म्हणशील तसं."

"ठरलं," सदाशिव म्हणाला. बापूसाहेब गल्ल्यावरून अर्धे उठले. "आवं बाई, पडलात तर पोलिस माझ्या दारात येतील!" पण तोवर ताई आत गेल्या होत्या. बायका मला म्हणाल्या, "अगं, अडव त्यांना." मी अडवलं नाही. इतकी वर्षं वाट बघितल्यावर असं दृश्य कोण अडवतं?

दार ढकलून त्या बाहेर आल्या. दोन्ही हातांत एक-एक ताट, नवीन चष्मा, ओठ घट्ट मिटलेले. पहिल्या दोन पावलांतच पलीकडून हाक आली, "मावशी, पाणी!" ताई थांबल्या. आयुष्यात त्यांना बाई, मॅडम, ताई असं सगळं म्हटलं गेलं होतं, मावशी कुणी म्हटलं नव्हतं. "मावशी, कांदा आना की जरा." "मावशी, बिल." "ओ मावशी, हिकडं मसूर सांगून किती येळ झाला?"

"एकेकानं बोला!" ताई कडाडल्या. "आणि हात वर करून!"

खरं सांगते, तिघांनी हात वर केले. पण तेवढ्यात रश्शाचा एक ओघळ साडीवर आला, कुणाचं तरी पोर पायात आलं, आणि ताईंनी ती दोन्ही ताटं भिंतीलगतच्या टेबलावर ठेवून टाकली. तिथं एक शेतकरी जोडपं बसलं होतं, बाजाराला आलेलं. त्यांनी काहीच मागवलं नव्हतं, पण समोर आलेलं अन्न नाकारायचं कशाला, म्हणून ते लगेच जेवायला लागले. ज्यांचं जेवण होतं ते पलीकडून ओरडत होते.

ताई खुर्चीवर येऊन बसल्या. श्वास लागला होता. सदाशिवनं न सांगता पाण्याचा गार तांब्या आणून समोर ठेवला.

"बाई, हारलासा."

"हरले." एवढाच शब्द. त्याला जोडून पोटवाक्य नाही, खुलासा नाही. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, एवढं लहान वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग हळूच म्हणाल्या, "सांग आता, काय करू?"

सदाशिवनं डब्याकडे हनुवटी उडवली. ताई उठल्या, गल्ल्याशी गेल्या आणि सगळ्यांच्या देखत डब्यात पैसे टाकले. परत येताना स्वतःहून आमच्या सगळ्या बायकांना म्हणाल्या, "यापुढे इथंच टाकायचे. आणि तो संदेश मी आज मागे घेते."

सदाशिवनं आतल्या दाराकडे बघून हाक दिली, "हसीनाबी, शनवारी थांब गं. वाटप हाय."

आतून भाकरी थापल्याचा आवाज जरा जोरात यायला लागला.

इथं संपायला हवं होतं. पण ते भिंतीलगतचं जोडपं जेवून उठलं आणि जाता जाता त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ताईंच्या हातात एक नोट ठेवली. "घ्या मावशी. ह्या वयात राबताय. जेवान ब्येस हुतं." ताई खुलासा करणार तोवर ते दोघं रस्त्यावर गेले होते. ताई नोट हातात धरून उभ्या. सदाशिव मागून म्हणाला, "बाई, डबा तिकडं हाय."

त्यांनी ती निमूटपणे डब्यात टाकली. मग वळून विचारलं, "म्हणजे शनिवारी माझाही वाटा?"

अख्खं हॉटेल हसलं. ताई हसल्या नव्हत्या.

पुढच्या रविवारी त्यांची भाची त्यांना हुबळीला घेऊन गेली, कायमची, आणि तिथूनच त्या गेल्याची बातमी आली. त्यामुळे मी त्यांना बाहेर असं शेवटचं पाहिलं ते त्या आधीच्या शनिवारी. मी औषधं घेऊन रिक्षानं परत येत होते. बापूसाहेबांच्या हॉटेलाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. मी रिक्षा थांबवायला लावून वाकून बघितलं.

आत सगळे जमिनीवर गोल करून बसले होते. त्यांच्यात खळीची साडी गुडघ्यांभोवती गोळा करून ताई, सोड्याच्या पालथ्या क्रेटवर. सदाशिव डब्यातून काढून एकेकाच्या हातावर ठेवत होता. त्यानं हसीनाबीच्या हातावर ठेवलं. त्यांनी न मोजता पदराच्या टोकाला गाठ मारली. ताईंनी वाकून ती गाठ नीट बसली का ते बघितलं.

मग त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. सदाशिव जरा घुटमळला. ताईंनी हात मागे घेतला नाही. शेवटी त्यानं एक नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते चष्म्याजवळ नेलं, दोन्ही बाजूंनी तपासलं, आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.